थंडीच्या देशात कढीपत्ता आणि मिरची: लहान टेंटसाठी एलईडी ग्रो लाइट कसा निवडावा

टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात २१ डिसेंबरचा दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून २३ अंशांच्या आसपास राहतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांपर्यंत चढतो आणि ऊन सुमारे अकरा तास मिळतं. त्यात इथल्या दुहेरी काचा, महिनोन्‌महिने ढगाळ आकाश आणि समोरच्या इमारतीची सावली. उन्हाळ्यात बाल्कनीत डेरेदार झालेला कढीपत्ता खिडकीत आणून ठेवला की नोव्हेंबरपासून पानं गाळू लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा पाणी किंवा खत नसतं. त्याला उजेड पुरत नाही आणि मुळाशी गारवा असतो.

यावर चांगला उपाय आहे: आतून चकचकीत परावर्तक कापड असलेला छोटा ग्रो टेंट आणि त्यात एक नीट निवडलेला एलईडी दिवा. टेंट कुठल्याही कंपनीचा चालतो. दिवा मात्र विचार करूनच घ्यायला हवा, कारण या बाजारात खोक्यावरचे आकडे आणि प्रत्यक्ष उजेड यांत फार मोठी तफावत असते. कॅनडात पहिल्यांदाच हिवाळ्यात घरात मिरची, कढीपत्ता, मेथी, कोथिंबीर लावणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. अमेरिकेत किंवा युरोपात असाल तरी प्रकाशाचं गणित हेच. विजेचे नियम तेवढे तिथले पाहा.

हे टेंट आणि दिवे मुळात कोणासाठी बनले

हे आधीच माहीत असलेलं बरं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि संघीय कायद्यानुसार एका घरात चार झाडं लावता येतात. क्वेबेकसारखा प्रांत मात्र घरी लावू देत नाही. घरगुती टेंट आणि दिव्यांचा बाजार मोठा झाला तो बऱ्याच अंशी या गिऱ्हाइकामुळे. त्याचा फायदा आपल्यालाही झाला, चांगले दिवे स्वस्त झाले. पण दुकानातला विक्रेता आणि इंटरनेटवरचा सल्ला, दोन्ही त्या एका झाडाला धरून असतात. ‘फुलोऱ्यासाठी बारा तास उजेड, बारा तास अंधार’ हा नियम गांजाचा आहे, कारण दिवस लहान झाल्याशिवाय ते झाड फुलत नाही. मिरचीला फुलायला असा इशारा लागत नाही. ‘प्रति चौरस मीटर ९०० मायक्रोमोल हवेतच’ हेही तिथलंच (मायक्रोमोल हे उजेड मोजायचं एकक, ते पुढे येतंच). कोथिंबिरीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पुरतं. तो सल्ला जसाच्या तसा उचलला तर दिवा गरजेच्या दुप्पट मोठा घेतला जातो आणि झाडं करपतात. (भारतात गांजाची झाडं लावणं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कढीपत्त्यासाठी टेंट लावायला अर्थातच कुठेच अडचण नाही.)

आधी झाडं ठरवा, मग जागा, दिवा शेवटी

बहुतेक जण उलट क्रमाने जातात. सवलतीत दिवा दिसतो, तो घरी येतो, मग त्याला बसेल असा टेंट शोधला जातो. तसं करू नका. एक कागद घ्या आणि हिवाळ्यात नक्की काय हवंय ते लिहा.

एक कढीपत्ता जगवायचा आणि दोन-तीन मिरच्यांना फळ धरायला लावायचं असेल तर ६० बाय ६० सेंटिमीटरचा, म्हणजे दुकानाच्या भाषेत दोन बाय दोन फुटांचा टेंट पुरतो. उंची मात्र दीड मीटरच्या वरच घ्या. कुंडी ३० सेंटिमीटर, झाड ६० ते ७०, दिवा आणि शेंड्यामध्ये ३० ते ४५, वर दिव्याची जाडी आणि टांगायच्या दोऱ्या, अशी बेरीज करून पाहिली की ठेंगणा टेंट का चालत नाही ते कळतं. घरात चार-पाच माणसं असतील आणि मेथीही हवी असेल तर ६० बाय १२० घ्या. नुसती कोथिंबीर-मेथीच हवी असेल तर टेंट लागतच नाही. स्वयंपाकघरातल्या फडताळाखाली २० वॅटची एक एलईडी पट्टी लावली की काम होतं.

उजेड मोजायचे तीन आकडे

दिव्याच्या खोक्यावरचे ल्युमेन बाजूला ठेवा. ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो. झाडाच्या कामाचा प्रकाश ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि तो मोजायचा प्रकाशकणांच्या संख्येत. त्याचं एकक मायक्रोमोल.

पहिला आकडा पीपीएफ: दिव्यातून दर सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल बाहेर पडतात. दुसरा पीपीएफडी: त्यातले किती मायक्रोमोल दर सेकंदाला एका चौरस मीटरवर, म्हणजे प्रत्यक्ष पानांवर पडतात. तिसरा डीएलआय: दिवसभरात एका चौरस मीटरवर एकूण किती मोल प्रकाश पडला (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). पावसाचा जोर वेगळा आणि दिवसाअखेर मोजलेले मिलिमीटर वेगळे, तसाच पीपीएफडी आणि डीएलआय यांतला फरक. झाडाची वाढ मुख्यतः दिवसाच्या बेरजेवर ठरते, म्हणून आपली सुरुवात डीएलआयपासून.

कोथिंबीर, मेथी, पालक यांना रोज १२ ते १५ मोल मिळाले की पानं भरघोस येतात. मिरचीला फळ धरायचं तर २० ते २५ हवेत. कढीपत्ता मूळचा उन्हातला, पण हिवाळाभर हिरवा राहून हळूहळू फुटत राहावा एवढीच अपेक्षा असेल तर मी १५ धरते. नुकत्याच उगवलेल्या रोपांना ८ ते १० पुष्कळ.

आता आपल्या टेंटचं गणित

सूत्र सोपं आहे: पीपीएफडी गुणिले दिव्याचे तास गुणिले ०.००३६, की डीएलआय मिळतो. मिरचीसाठी ४०० पीपीएफडी आणि १६ तास धरले तर ४०० × १६ × ०.००३६, म्हणजे २३ मोल. हवं होतं तेवढं मिळालं.

६० बाय ६० सेंटिमीटर म्हणजे ०.३६ चौरस मीटर. त्यावर सरासरी ४०० पडायला हवेत तर पानांपर्यंत दर सेकंदाला १४४ मायक्रोमोल पोचले पाहिजेत. काही प्रकाश भिंतींवर आणि जमिनीवर वाया जातो, म्हणून दिव्यातून १७५ च्या आसपास निघायला हवेत. चांगला एलईडी दिवा एका वॅट विजेतून दर सेकंदाला अडीच मायक्रोमोल काढतो. १७५ भागिले अडीच, म्हणजे ७० वॅट.

इतकंच. दोन बाय दोनच्या टेंटमध्ये मिरची-कढीपत्त्यासाठी ७० वॅट खरे मिळाले की पुरे. १०० वॅटचा, उजेड कमी-जास्त करता येणारा दिवा घेऊन तो ७० टक्क्यांवर चालवला तर आणखी बरं. दिवा कमी तापतो, जास्त टिकतो आणि पुढे झाडं वाढली तर हाताशी वाव राहतो. ६० बाय १२० साठी हेच आकडे दुप्पट करा.

वीजही लगेच मोजून घ्या. ७० वॅट रोज १६ तास म्हणजे १.१२ युनिट, महिन्याला साधारण ३४. आपल्या बिलावरच्या दराने गुणा. पंख्याचे थोडे वेगळे.

खोक्यावरच्या आकड्यांची झडती

‘१००० वॅट’ असं मोठ्या अक्षरांत छापलेला दिवा बऱ्याचदा भिंतीतून १०० वॅटच ओढतो. काही कंपन्या जुन्या सोडियम दिव्याशी तुलना करून आकडा फुगवतात. काही जण प्रत्येक डायोडची, म्हणजे दिव्यातल्या एकेका बारीक एलईडी ठिपक्याची, कमाल क्षमता घेऊन बेरीज करतात: १० वॅटचे १०० डायोड, झाले हजार. त्यातला एकही डायोड १० वॅटवर चालत नसतो. तुम्हाला हवा तो आकडा बारीक अक्षरांत ‘प्रत्यक्ष वीजवापर’ म्हणून दिलेला असतो. दिलेला नसेल तर तो दिवा सोडून द्या. घरी आणल्यावर सॉकेटमध्ये लावायच्या छोट्या वॅटमीटरने एकदा खात्री करा.

दुसरी तपासणी कार्यक्षमतेची: पीपीएफ भागिले प्रत्यक्ष वॅट. उत्तर २.५ ते ३ च्या दरम्यान आलं तर दिवा चांगला. २ च्या खाली असेल तर स्वस्त मिळाला तरी विजेच्या बिलात महाग पडतो आणि टेंट उगाच तापतो. घरगुती किमतीचा दिवा ४ चा दावा करत असेल तर तो खरा मानू नका.

तिसरी तपासणी मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि ती फारसं कोणी करत नाही. चांगले विक्रेते चौकोनाचा नकाशा देतात, ज्यात प्रत्येक घरात तिथला पीपीएफडी लिहिलेला असतो. त्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढा आणि टेंटच्या क्षेत्रफळाने गुणा. येणारा आकडा दिव्याच्या पीपीएफपेक्षा जास्त असूच शकत नाही. दिव्यातून निघाला त्याहून जास्त प्रकाश खाली पडणार कुठून? समजा नकाशाची सरासरी ९०० आहे. ९०० गुणिले ०.३६ म्हणजे ३२४. आणि दिव्याचा पीपीएफ २५० लिहिलाय. दोन्हींपैकी एक आकडा खोटा आहे, आणि अशा विक्रेत्याच्या बाकीच्या आकड्यांवरही मी विसंबणार नाही.

नकाशात मधल्या घरातला मोठा आकडा पाहून भुलू नका, कोपरे पाहा. मध्ये ८०० आणि कोपऱ्यात १५० असेल तर मधलं झाड होरपळेल आणि कडेचं लांबुळकं होईल. एकाच पाटीचा दिवा असेल तर हा फरक जास्त, तीन-चार पट्ट्या पसरलेल्या असतील तर कमी. लहान टेंटमध्ये पाटीही चालते, कारण भिंती बराच प्रकाश परत फेकतात. तरी थोडा फरक उरतोच, तो वापरून घ्या: मिरची मधोमध, कढीपत्ता तिच्या शेजारी, मेथीचा ट्रे कोपऱ्यात.

जांभळा की पांढरा

पांढरा घ्या. जांभळ्या दिव्यांमागचा विचार असा की हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून तेवढेच दोन रंग द्यावेत. पण पान म्हणजे नुसतं हरितद्रव्य नाही. कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने २२ पिकांच्या पानांवर मोजमाप करून १९७२ मध्येच दाखवून दिलं होतं की हिरव्या प्रकाशावरही पानं चांगलं प्रकाशसंश्लेषण करतात. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की त्यावर कोळी ही बारीक कीड लागलीय हे दिसतच नाही, आणि घरात रोज झाडं पाहणाऱ्यासाठी ही गैरसोय मोठी आहे.

३००० ते ४००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरा उजेड आणि जोडीला ६६० नॅनोमीटरचे थोडे लाल डायोड, हे मिश्रण रोपापासून फळापर्यंत सगळ्याला चालतं. ‘वाढ’ आणि ‘फुलोरा’ अशी दोन वेगळी बटणं असलेल्या दिव्यासाठी जास्त पैसे मोजू नका. अतिनील आणि अवरक्त डायोडही आपल्या कामाला आवश्यक नाहीत. डायोड कुठल्या कंपनीचे यापेक्षा वर काढलेली कार्यक्षमता महत्त्वाची. सॅमसंगच्या एलएम३०१ मालिकेचं नाव पुष्कळ जाहिरातींत दिसतं. ते डायोड चांगले आहेत, पण त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर हलका असेल तर त्यांचा उपयोग होत नाही. दिवे बिघडतात ते बहुतेक ड्रायव्हरपाशीच. म्हणून निदान तीन वर्षांची हमी आणि ड्रायव्हरवर स्पष्ट नाव, मीन वेलसारखं, असेल तर बरं. पंखा नसलेला, ॲल्युमिनियमच्या पाठीने थंड होणारा दिवा घ्या. अपार्टमेंटमध्ये रात्री आवाज नको असतो.

सुरक्षेची खूण: इथे तडजोड नको

हा दिवा ओल्या कुंड्यांच्या वर, बंद कापडी पेटीत, रोज सोळा तास चालणार आहे. कॅनडात त्यावर सीएसए, किंवा डावीकडे लहान ‘सी’ अक्षर असलेली यूएल वा ईटीएल ही सुरक्षा-तपासणीची खूण असायलाच हवी. नुसती युरोपची ‘सीई’ खूण इथे चालत नाही. ऑनलाइन दुकानात फोटो झूम करून खूण शोधा, आणि दिवा आल्यावर त्याच्या अंगावर ती आहे का ते पाहा. नसेल तर परत करा.

भारतातून येताना दिवा आणायचा विचार काही जण करतात. तिकडे २३० व्होल्ट, इकडे १२०. बरेच ड्रायव्हर दोन्हीवर चालतात हे खरं, पण प्लग बदलावा लागतो आणि इथली खूण त्यावर नसते. मी आणणार नाही. झाडही सामानात आणू नका. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबूवर्गीय झाडांचा घातक रोग पसरवणारी कीड त्यावर वाढते, म्हणून त्याच्या आयातीवर कडक नियम आहेत. इथल्या रोपवाटिकेत रोप मिळतं.

टांगणं, टायमर, पहिले पंधरा दिवस

दिवा शेंड्यापासून ४५ सेंटिमीटरवर टांगा आणि ४० ते ५० टक्क्यांवर सुरू करा. खिडकीतल्या मंद उजेडाला सरावलेल्या पानांवर एकदम पूर्ण जोर टाकू नये. दर तीन-चार दिवसांनी दहा टक्के वाढवा. वायरला सॉकेटच्या खाली एक झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल. मल्टीप्लग जमिनीवर ठेवू नका, टेंटच्या खांबाला वर बांधा. शक्य असेल तर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा सॉकेट वापरा. बाथरूममध्ये असतो तोच.

पीपीएफडी मोजायचं यंत्र महाग असतं, त्याची गरज नाही. साधा लक्समीटर घ्या. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ६७ ने भागलं की जवळपासचा पीपीएफडी मिळतो: २७,००० लक्स म्हणजे सुमारे ४००. लाल डायोड असतील तर खरा आकडा याहून थोडा जास्त धरा. मापन शेंड्याच्या उंचीवर, मध्ये आणि चारही कोपऱ्यांत घ्या.

टायमर मिरची-कढीपत्त्यासाठी १६ तासांवर लावा. चोवीस तास दिवा ठेवू नका. टोमॅटोची पानं अखंड उजेडात चक्क पिवळी पडून बिघडतात, आणि अंधाराचे आठ तास सगळ्यांनाच मानवतात. कोथिंबिरीचं मात्र वेगळं. लांब दिवस आणि उष्णता मिळाली की ती लवकर तुऱ्यावर येते. टेंटमध्ये लावली असेल तर पानं हातभर व्हायची वाट न पाहता कोवळी कापत राहा, किंवा तिला फडताळाखालच्या पट्टीवर बारा तासांचा वेगळा टायमर द्या.

ऑन्टारिओत वेळेनुसार दर असलेली वीजयोजना असेल तर हिवाळ्यात दुपारी ३ ते सकाळी ७ अशी सोळा तासांची वेळ सोयीची पडते. कामाच्या दिवशी सायंकाळी ७ ते सकाळी ७ स्वस्त दर असतो, आणि सकाळी ७ ते ११ हा महागडा काळ पूर्ण टळतो. दिव्याची ऊबही रात्री, घर गार असताना मिळते. दिव्यात गेलेली वीज शेवटी उष्णताच होते. ७० वॅट बंद टेंटला बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश उबदार ठेवतात. कढीपत्ता १५ अंशांखाली रुसतो, त्यामुळे तळघरात टेंट असेल तर ही ऊब फार मोलाची. कुंडी थेट सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी घाला. आत एक लहान पंखा सतत हलका फिरता ठेवा. खोडं दणकट होतात, बुरशी धरत नाही आणि मिरचीची फुलं हलून परागण होतं.

झाड काय म्हणतंय ते वाचायला शिका. दोन पानांमधलं अंतर वाढून झाड लांबुळकं होत असेल तर उजेड कमी आहे: जोर वाढवा किंवा दिवा खाली घ्या. शेंड्याची पानं वरच्या बाजूला कडा उचलून पन्हळीसारखी होत असतील किंवा पांढुरकी पडत असतील तर जास्त आहे. खालची जुनी पानं पिवळी पडली तर आधी पाणी आणि खत पाहा, दिव्याला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठवडाभर थांबा.

महिन्यातून एकदा दिवा बंद करून, गार झाल्यावर कोरड्या मऊ फडक्याने डायोडवरची धूळ पुसा. झाड वाढेल तसा दिवा वर घ्या.

मे महिन्याच्या शेवटी, रात्री दव गोठून हिम (फ्रॉस्ट) पडायचं थांबलं की झाडं बाहेर न्यायची असतात. टेंटमध्ये ४०० ची सवय झालेल्या पानांवर जूनच्या दुपारचं ऊन २००० च्या आसपास पडतं, आणि त्यातल्या अतिनील किरणांची तर त्यांना ओळखच नसते. पहिले दोन-तीन दिवस पूर्ण सावलीत, मग सकाळचं तासभर ऊन, असं करत आठ-दहा दिवसांनी पूर्ण उन्हात ठेवा. सप्टेंबरात रात्री १० अंशांकडे झुकू लागल्या की आत आणा. आत आणण्याआधी पानांच्या खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन, मावा आणि कोळी नाहीत याची खात्री करा. टेंटच्या उबेत ते बाहेरच्यापेक्षा वेगाने वाढतात.